गरम हवेच्या इंजिनाचा रीजनरेटर : तांब्याची जाळी फसली, आता कोणता मिश्रधातू घ्यावा?

अंबडचा जोडारी
नमस्कार मंडळी. मी आयटीआयचा जोडारी. वाळूजला लेथवर अकरा वर्षं झाली. गाव अंबडजवळ, घरी कापूस आणि तूर. दरसाल तुराट्या-पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पेटवून देतात, ते बघून जीव तुटतो. त्या जाळावर शेतातल्या खोलीपुरते दोन एलईडी दिवे आणि एक मोबाईल चालावा, एवढ्यासाठी दिवाळीपासून स्टर्लिंग इंजिन, म्हणजे गरम हवेचं इंजिन, करतोय.

रचना गॅमा आहे. डिस्प्लेसरचा, म्हणजे आतली हवा गरम आणि थंड टोकांत ढकलणाऱ्या दट्ट्याचा, सिलिंडर वेगळा, कामाच्या पिस्टनचा वेगळा. डिस्प्लेसरच्या दोन टोकांना जोडणारी वाट बाहेरून काढली आहे आणि त्या वाटेत रीजनरेटरचा, म्हणजे जाता-येता हवेची उष्णता साठवून परत देणारा, डबा बसवला आहे. आतून ५० मिमी व्यास, ५० मिमी लांबी. आत साधी हवा, दाब वातावरणाचाच. तापलेलं टोक ४८० अंशांपर्यंत जातं, थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून बघितलंय.

डबा पितळी पाइपचा केला आणि आत तांब्याच्या जाळीची घट्ट गुंडाळी करून बसवली. डोक्यात आजीचा बंब होता. तांबं उष्णता चटकन घेतं आणि चटकन देतं, मग रीजनरेटरला याच्याहून चांगलं काय मिळणार, असा हिशेब केला. इंजिन सुरू झालं, पण थंड टोक तापतच गेलं. दहा मिनिटांत ९० अंश, बाराव्या मिनिटाला चाक थांबलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. उघडलं तर गुंडाळीची गरम बाजू काळी पडलेली आणि सिलिंडरात काळी खपली सांडलेली. पिस्टनवर उभे ओरखडे पडलेत.

चुकतंय कुठे? आणि जाळी कुठल्या धातूची घेऊ? बाजारात शंभर नावं सांगतात.

गोदाकाठ
जोडारीदादा, तुम्ही थर्मोकपल लावून आकडे दिलेत म्हणून नेमकं बोलता येतंय. मी नांदेडला तंत्रनिकेतनात शिकवते.

बंब आणि रीजनरेटर यांचं काम अगदी उलटं आहे. बंबात उष्णता भिंतीतून आरपार जायला हवी. रीजनरेटरात ती आरपार गेली की घात. गरम बाजूकडून येणारी हवा जाता जाता आपली उष्णता जाळीत ठेवते, परत येताना तीच उचलून नेते. म्हणजे डब्याचं एक टोक कायम ४८० अंशांवर आणि दुसरं ७० वर राहिलं पाहिजे, मध्ये उतार. तुम्ही तो उतार तांब्याने जोडून टाकलात. त्यातही गुंडाळी केल्यामुळे जाळीच्या निम्म्या तारा सरळ गरम टोकापासून थंड टोकापर्यंत गेल्या.

हिशेब मांडते. तारांचं एकूण छेदक्षेत्र डब्याच्या साधारण ३१ टक्के धरलं आणि त्यातल्या निम्म्या तारा लांबीच्या दिशेने, तर ३ चौरस सेंमी तांबं झालं. टोकांमध्ये ४०० अंशांचा फरक, लांबी ५ सेंमी. तांब्याची वाहकता ३८० घेतली तर ९०० वॅटहून जास्त उष्णता काहीही काम न करता पलीकडे जाईल. तुमच्या चुलीतून इंजिनाच्या गरम टोकाला तेवढी मिळतही नसेल. हीच गुंडाळी ३०४ स्टेनलेसची असती तर आकडा ४३ वॅटच्या आसपास आला असता.

आता डब्याची भिंत. ती लोक विसरतात. ५० मिमी व्यास, १ मिमी जाडी, तीच लांबी, तोच फरक. तांब्याच्या भिंतीतून सुमारे ४८० वॅट, पितळेतून १५०, साध्या पोलादातून ६०, स्टेनलेसमधून २३. तुमचं इंजिन शेवटी देणार दहा-पंधरा वॅट. त्यामुळे जाळी बदलायच्या आधी पितळी पाइप काढा.

पऱ्हाटी
माझं बी असंच झालतं, पण छोट्या मॉडेलात. जोडारी भाऊ, एवढ्या भानगडीत न पडता भांडी घासायची तारेची घासणी कोंबा की. मी माजलगावच्या आठवडी बाजारातून दोन आणल्या, डब्यात भरल्या, चाक फिरायलंय. तुराट्यांवर चालायलंय म्हणून लई आनंद झाला तुमचं वाचून. आमच्याकडं बी तेच जळतंय बांधावर.

धातुपरीक्षक
पऱ्हाटीभाऊ, घासणी चालते, पण तिच्यावर पोट भरून लिहायचंय मला. जालन्याच्या एका रोलिंग मिलच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. भंगारातलं लोखंड ओळखणं हेच रोजचं काम होतं.

बाजारात दिसायला सारख्या दोन घासण्या मिळतात. एक स्टेनलेसची, बहुधा ४१० किंवा ४३० जातीची. दुसरी साध्या लोखंडी तारेवर जस्त चढवलेली. जस्त ४१९ अंशांना वितळतं. ती घासणी ४८० अंशांच्या टोकाला ठेवली तर जस्त तारेवरून सुटेल आणि उघडी पडलेली लोखंडी तार खाल्ली जाईल. आणि ओळखायला म्हणून कुणी ती थेट ज्योतीत धरू नका. जस्ताचा धूर फुप्फुसात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. चुंबक दोन्हींना चिकटतो, त्याचा इथे उपयोग नाही. दोन धागे तोडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी जस्तवालीवर पांढरी भुकटी दिसेल, पुढे तांबूस गंज येईल.

४१०-४३० ची घासणी लहान मॉडेलाला उत्तम. पण जोडारींच्या इंजिनाचं टोक ४८० वर आहे, आणि ४३० सारख्या जास्त क्रोमियमच्या फेरिटिक (चुंबकाला चिकटणाऱ्या) स्टेनलेसला नेमकं ४७५ अंशांच्या आसपास बरेच तास ठेवलं की ते ठिसूळ होत जातं. धातुशास्त्रात या दोषाचं नावच ४७५ अंशांचा ठिसूळपणा असं आहे. घासणीची चपटी पात केसासारखी बारीक. तिचे तुकडे पडले की हवेबरोबर थेट पिस्टनकडे.

म्हणून ऑस्टेनिटिक, म्हणजे चुंबकाला न चिकटणारं निकेलचं स्टेनलेस, घ्या. ३०४ पुरे, ३०४एल किंवा ३१६एल मिळालं तर अधिक चांगलं. ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात साध्या ३०४ मधलं कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर जाऊन बसतं आणि सीमेजवळचं क्रोमियम कमी पडतं. इंजिन चालू असताना त्याने काही बिघडत नाही. पण पावसाळ्यात महिनाभर बंद पडून राहिलं, आत दमट हवा कोंडली, की तिथूनच गंज सुरू होतो. 'एल' म्हणजे कार्बन कमी, म्हणून हा त्रास कमी.

आणि २०० सिरीज कुणी ३०४ म्हणून गळ्यात मारली तर घेऊ नका. तिच्यात निकेल कमी, मँगनीज जास्त. चुंबकाला तीही चिकटत नाही, म्हणून फसगत होते. स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे थेंब टाकून रंग बघायचं द्रावण असतं. समोर तपासून मागा, कुणी नाही म्हणत नाही.

अंबडचा जोडारी
ताई, सर, दोघांचे खूप आभार. पितळी पाइप आजच काढला.

एक शंका राहिली, ती विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्टेनलेस उष्णता हळू घेतं, हे रोज लेथवर बघतो. स्टेनलेस कापताना उष्णता टूलच्या टोकाशीच अडकते, आत पसरत नाही. मग सेकंदाला दहा वेळा हवा येणार-जाणार, तेवढ्या वेळात जाळी तापणार कशी आणि निवणार कशी?

गोदाकाठ
या प्रश्नाचं उत्तर कळलं की धातू आपोआप निवडला जातो.

उष्णतेला तारेत किती खोल जायचंय ते बघा. सेकंदाला दहा फेऱ्या धरल्या तर तेवढ्या वेळात स्टेनलेसमध्ये उष्णतेची लाट सुमारे ०.३५ मिमी आत पोचते. १०० मेशच्या (इंचाला १०० तारांच्या) जाळीची तार ०.१ मिमी जाडीची, म्हणजे मध्यापर्यंत फक्त ०.०५ मिमी. तारेचा गाभासुद्धा आरामात कामाला येतो. तांब्यात लाट याच्या पाचपट खोल जाईल हे खरं, पण जिथे जायला जागाच नाही तिथे ती खोली काय कामाची? लेथवर तुम्ही जाड सळई कापता, म्हणून तिथे उलटा अनुभव येतो.

साठवणुकीचंही बघा. वजनाला वजन नको, घनफळाला घनफळ मोजा, कारण डब्यात जागा मर्यादित. एका घन सेंमीला एक अंश तापवायला तांब्याला साधारण ३.४ ज्यूल लागतात, ३०४ ला ४ च्या आसपास. म्हणजे स्टेनलेस थोडी जास्तच साठवतं. तुमच्या डब्यात ३० घन सेंमी धातू बसेल, म्हणजे अंशाला १२० ज्यूल. एका खेपेला त्यातून जाणारी हवा ग्रॅमच्या पाचव्या हिश्शाचीही नाही, तिला अंशाला ०.२ ज्यूल पुरतात. साठवण शेकडो पटींनी जास्त आहे.

मग अडतं कशावर? पृष्ठभागावर. ०.१ मिमी तारेची १०० मेश जाळी त्या डब्यात भरली तर हवेला भिडणारा पृष्ठभाग १.२ चौरस मीटर होतो. मुठीत मावणाऱ्या डब्यात एक छोटी चटई. रीजनरेटरची सगळी ताकद या चटईत आहे. धातूने एवढंच करायचं की उष्णता लांबीच्या दिशेने पळू द्यायची नाही, आणि तापून खपली टाकायची नाही.

म्हणूनच गुंडाळी नको, चकत्या कापा. चकतीवर चकती ठेवली की तारा एकमेकींना फक्त ठिपक्यांवर टेकतात, त्यामुळे लांबीच्या दिशेने जाणारी उष्णता आणखी कमी होते.

उकाडा लातूर
हा प्रतिसाद कुठेतरी कायमचा जपून ठेवायला हवा, गोदाकाठताई.

माझं म्हणणं मोकळ्या जागेबद्दल आहे. जाळीचा ६९ टक्के भाग पोकळ, म्हणजे डब्यात जवळपास ६८ घन सेंमी हवा नुसती बसून राहणार. डिस्प्लेसर २०० घन सेंमी हलवत असेल तर हे ओझं लहान नाही, तेवढा दाबाचा चढउतार कमी. डबा निम्म्या लांबीचा करावासा वाटेल, पण मग भिंतीतून वाहणारी उष्णता दुप्पट. मी तीन डबे करून बघितले. लांबी तशीच ठेवून भिंत अर्ध्या मिलीमीटरची केली तेव्हा सगळ्यात चांगलं चाललं. वातावरणाच्या दाबाला अर्धा मिमी स्टेनलेस भरपूर झालं. २३ वॅटचे ११-१२ होतात.

आणखी बारीक जाळी घ्यायचा मोह होईल. २०० मेश मी घातली होती. चटई मोठी झाली, पण हवा ढकलायलाच इंजिन दमलं. कमी दाबाच्या, हळू इंजिनाला ८० ते १०० मेश बरी.

आपल्याकडे मे महिन्यात थंड टोक थंड ठेवणं हेच मुळात कठीण. बाहेर ४२ अंश. तेव्हा रीजनरेटरमधून गळणारा प्रत्येक वॅट तुम्हाला पाण्याने काढावा लागतो, आणि पाणी इथे मोजून वापरावं लागतं. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणलं होतं, ते दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून माझ्या लेखी चांगला मिश्रधातू म्हणजे वाचलेलं पाणी.

पऱ्हाटी
शेगडीच्या कॉइलची तार कशी राहील? ती तर लालबुंद होऊन वर्षानुवर्षं टिकती.

धातुपरीक्षक
चांगला विचार आहे, पण या इंजिनाला नाही. कॉइल दोन प्रकारची येते. निक्रोम म्हणजे निकेल-क्रोमियम, ८०-२० जातीची तार १२०० अंशांपर्यंत टिकते. दुसरी लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची, कँथाल नावाने ओळखतात ती, तिच्या वरच्या जाती १४०० पर्यंत जातात. दोन्हींची वाहकता स्टेनलेसहूनही कमी. कागदावर उत्तम. पण कँथालमध्ये क्रोमियम २० टक्क्यांच्या वर आणि जात फेरिटिक, म्हणजे ४७५ चा ठिसूळपणा तिलाही लागतो. हजार अंशांवर टिकणारी तार पाचशेच्या खाली कच खाते, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. निक्रोमला हा दोष नाही, पण शेगडीची तार जाड असते. ०.४ मिमीची तार भरली तर ताईंच्या चटईचा चौथा हिस्साच उरेल.

इनकोनेलबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो. टोक ७००-८०० अंशांवर न्यायचं असेल तेव्हा त्या निकेल मिश्रधातूंचा विचार करावा. ५०० च्या खाली तो पैसा वाया. टायटॅनियम हलकं आणि उष्णतेला नाठाळ, पण घनफळाला साठवण स्टेनलेसच्या सहा दशांश, आणि गरम हवेत ऑक्सिजन शोषून तेही ठिसूळ होतं. नासाने अवकाशयानांसाठी केलेल्या स्टर्लिंग इंजिनांतसुद्धा स्टेनलेसच्या बारीक तंतूंचा रीजनरेटर वापरला आहे. त्यातलं एक प्रयोगशाळेत १४ वर्षांहून जास्त चाललं. मात्र त्यांच्यात आत हेलियम असतो, ऑक्सिजन नाही. आपली हवा आहे, म्हणून तार फार बारीकही नको. बारीक तारेत क्रोमियमचा साठाच थोडा. वरचा संरक्षक थर तुटून पुन्हा पुन्हा बनत राहिला की साठा संपतो आणि मग तार झपाट्याने खाल्ली जाते. ०.१ मिमी योग्य.

एक महत्त्वाचं राहिलं. डबा आणि जाळी एकाच जातीची घ्या. साध्या पोलादाच्या डब्यात ३०४ ची चकती बसवली तर तापल्यावर चकती डब्यापेक्षा ०.१ मिमीहून थोडी जास्त फुगते. कडा दबून वाकते. निवल्यावर कडेने फट राहते, आणि हवा आळशी, ती जाळी सोडून फटीतूनच जाते. बाहेरून सगळं नीट दिसतं आणि इंजिन मात्र रोज थोडं थोडं मंदावत जातं.

तारजाळी
जाळीचा धंदा आहे माझा, चिकलठाण्याला. मागताना '३०४, प्लेन विणीची, १०० मेश, तार ०.१' असं पूर्ण सांगा. नुसतं १०० मेश म्हटलं तर तार कुठल्याही जाडीची मिळते. ट्विल किंवा डच वीण घेऊ नका, ती गाळणीसाठी, हवा अडते.

चकती ०.२ मिमी जाड पडते, म्हणजे ५० मिमीत अडीचशेच्या आसपास लागतील. कात्रीने कापू नका, कडेच्या तारा सुटतात. चामड्याला भोक पाडायचा मोठा पंच आणि खाली लाकडाचा उभा ठोकळा, एका ठोक्यात एक. चार थर एकदम ठोकले तर चालतं, पाचव्याला कड फाटते. विणताना जाळीला तेल लागलेलं असतं, ते सोडा घालून उकळून काढा.

गोदाकाठ
तेलावरून आठवलं. पुढेमागे तुम्ही आत हवेचा दाब वाढवाल, सगळेच वाढवतात. तेव्हा पिस्टनला तेल लावू नका. दाबाची गरम हवा आणि तेलाची वाफ एकत्र आली की स्फोट होऊ शकतो. ग्रॅफाइटचा किंवा टेफ्लॉनचा पिस्टन करा, आणि टेफ्लॉन थंड बाजूलाच.

बाकी तुमच्यासारख्यांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. रॉबर्ट स्टर्लिंगने १८१६ साली पेटंट घेतलं तेव्हा तो स्कॉटलंडमधल्या एका चर्चचा धर्मगुरू होता, वय पंचवीस-सव्वीस. रीजनरेटरला तो 'इकॉनॉमायझर', म्हणजे काटकसर करणारा, म्हणायचा. पुढे त्याच्या भावाने डंडीच्या फाउंड्रीत मोठं इंजिन बसवलं. ते १८४३ पासून चाललं, पण बिडाची गरम टोकं तडकत राहिली आणि १८४७ मध्ये ते काढून टाकावं लागलं. कल्पना पक्की होती, त्या काळी धातू नव्हता. तो आज चिकलठाण्यात मीटरवर मिळतोय.

अंबडचा जोडारी
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, पण काम करून.

अर्धा मिमी ३०४ चा पत्रा वळवून टिग वेल्डिंगने डबा केला. तारजाळींकडूनच जाळी आणली. पंचाने दोन रविवारी २४८ चकत्या पाडल्या, वजन २३८ ग्रॅम. सोड्यात उकळल्यावर पाण्यावर तेलाचा तवंग आला, सांगितलं नसतं तर तसंच बसवलं असतं. पिस्टन पुन्हा घासून घेतला.

पहिल्याच दिवशी तुराट्यांवर ५० मिनिटं चाललं आणि जळण संपलं म्हणून थांबलं. गरम टोक ४८०, थंड टोक ५८ वर येऊन तिथेच ठरलं. थंड टोकाभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटला एक बादली पाणी, तेच फिरवतोय. दोन्ही दिवे लागले. वडील ओट्यावरून उठून आत आले, दिव्याखाली उभे राहिले आणि काही न बोलता परत बाहेर जाऊन एक मोळी घेऊन आले.

काल चाळीस तास पूर्ण झाले म्हणून डबा उघडला. खपली नाही. चकत्या वर्तमानपत्रावर क्रमाने मांडल्या. गरम टोकाकडच्या तीस-पस्तीस गडद जांभळ्या, मग साठीपर्यंत तपकिरी, पुढे गव्हाच्या काड्यासारखा पिवळा रंग फिका होत होत एकशेपंधराच्या आसपास संपतो. तिथून शेवटपर्यंत कोऱ्या, आणल्या तशा चकाकत्या. ताई, तुम्ही म्हणालात तो उतार डोळ्यांनी दिसला.

फक्त विसाव्या ते सव्विसाव्या चकतीला एका बाजूने कड फिकी आहे, बाकीच्यांसारखी जांभळी नाही. धातुपरीक्षक सर, तिथूनच थंड हवा कडेने निसटत असेल ना? वेल्डिंगचा सांधा नेमका त्याच बाजूला आहे आणि आतून किंचित वर आलाय. सगळ्या चकत्यांच्या कडेला मार्करने नंबर टाकलेत. सांधा घासून त्याच क्रमाने परत भरतो.